मातीनंच मशीन उचललं

सकाळचे साडेदहा वाजले असतील. बकेटचे दात मातीत शिरले, मोटरचा आवाज जड झाला, आणि मग बकेट खाली जायच्या ऐवजी मशीनची पुढची दोन्ही चाकं वर उठली. आधी बोटभर, मग चांगली वीतभर. मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरून स्वतःसाठीच खड्डा करायला लागली. मशीन तिरकं झालं तसं हौदाच्या कडेला उभ्या असलेल्या सहकाऱ्यानं लाल बटण दाबलं. खोलीत एकदम शांतता झाली. वरच्या कप्पीवरची तार तेवढी हलत होती.

सगळ्यांनी आधी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हौदातली माती मी भरली होती.

माझं काम सांगितलं की लोक क्षणभर थांबतात. चंद्रावर किंवा मंगळावर पुढेमागे बांधकाम करायचं झालं तर तिथली माती उकरणारी, वाहणारी, पसरणारी यंत्रं लागतील. अशी यंत्रं इथं ज्या मातीत तपासतात, ती माती मी तयार करते. शिकले सिव्हिल. पहिली काही वर्षं भरावाच्या चाचण्यांत गेली: प्रॉक्टर, कोअर कटर, ओलाव्याचं प्रमाण, रोलरच्या फेऱ्या. त्या कामात मातीला पाणी मारता येतं आणि पाणी मारलं की माती ऐकते. इथं पाण्याचा थेंबही चालत नाही. ओव्हनमध्ये वाळवलेली, पिठासारखी बारीक, राखाडी माती, आणि तिच्याशी फक्त वजनानं आणि हादऱ्यानं बोलायचं.

खरी चांद्रमाती अर्थातच आमच्याकडे नाही. अपोलोच्या सहा मोहिमांनी मिळून ३८२ किलो दगडमाती आणली. चीनच्या चांग'ई-५ नं डिसेंबर २०२० मध्ये १,७३१ ग्रॅम आणली आणि चांग'ई-६ नं जून २०२४ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूची १,९३५ ग्रॅम. त्यातला चमचाभरही यंत्राचे दात घासायला मिळणार नाही, आणि मिळूही नये. म्हणून पृथ्वीवरचा ज्वालामुखीचा किंवा अ‍ॅनॉर्थोसाइट नावाचा फिकट रंगाचा खडक भरडून, चाळून, ठरलेल्या प्रमाणात मिसळून नकली माती करतात. ती हाताळताना तोंडाला चांगला मास्क लागतो. बारीक दगडी धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. खरी धूळ तर याहून वाईट. चंद्रावर वारा नाही, पाणी नाही, त्यामुळे कणांच्या कडा कधी घासल्याच जात नाहीत. अतिसूक्ष्म उल्कांच्या माऱ्यानं क्षणभर वितळून पुन्हा गोठलेले, काचेनं एकमेकांना चिकटलेले वेडेवाकडे कण त्यात असतात. अपोलो १७ चे हॅरिसन श्मिट यानात परतल्यावर त्या धुळीनं त्यांचं नाक चोंदलं होतं.

त्या दिवशी नेमकं काय झालं हे कळायला आमचा हौद डोळ्यांसमोर आणायला हवा. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, अर्धा मीटर खोल. वर छताला रूळ, रुळावर फिरणारी कप्पी, कप्पीवरून तार. तारेचं एक टोक मशीनला, दुसऱ्या टोकाला वजनं. मशीन ६० किलोचं. दुसरीकडे ५० किलो टांगले की चाकांवर राहतो १० किलोचा भार. चंद्राचं गुरुत्व पृथ्वीच्या एक षष्ठांश, म्हणून हा हिशोब. या युक्तीत एक उणीव आहे आणि ती आम्ही प्रत्येक अहवालात लिहितो: तारेनं मशीन हलकं होतं, माती होत नाही. ती पृथ्वीच्याच वजनाची राहते. तरी मशीनचा तोल कसा जाईल, चाकं कुठं घसरतील हे यातून बरंच समजतं.

आधीच्या तीन आठवड्यांत याच हौदात आम्ही सतरा चाचण्या घेतल्या होत्या आणि मशीननं सगळ्या पार पाडल्या होत्या. एका घासात बारा किलो माती उचलायचं, वळायचं, ओतायचं. ते बघताना फार बरं वाटायचं. ज्यानं ते मशीन आखलं त्यानं आठ महिने दुसरं काहीच केलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाहणीसाठी समिती यायची होती.

आणि आदल्या दोन दिवसांत मी माती बदलली होती.

बदलली म्हणजे माती तीच. भरायची पद्धत बदलली. कारण असं झालं की मी अपोलो १५ च्या ड्रिलच्या नोंदी वाचत होते. १९७१ च्या जुलैअखेरीस डेव्हिड स्कॉट यांना जमिनीतली उष्णता मोजायच्या उपकरणासाठी तीन मीटर खोल भोकं पाडायची होती. पहिलं भोक दीड मीटरच्या आसपास अडलं. दांड्यांच्या सांध्यांपाशी बाहेरच्या खाचा तुटत होत्या, त्यामुळे उकरलेली माती वर यायची थांबली आणि तिथंच आवळून बसली. नमुना घ्यायची नळी दोन मीटरच्या पुढं गेली खरी, पण ती बाहेर काढायला स्कॉट आणि जेम्स अर्विन या दोघांना खांद्याचा जोर लावावा लागला. त्याआधी अपोलो ११ मध्ये बझ ऑल्ड्रिन यांनी हातोडीनं ठोकलेली नळी जेमतेम पंधराएक सेंटिमीटर गेली होती. नळीच्या तोंडाचा आकारही त्याला कारण होता, पण माती घट्ट होती हे खरंच.

हे सगळं मला आधीपासून ठाऊक होतं. कॉलेजात वाचलं होतं, आमच्याच अहवालांच्या प्रस्तावनेत मी स्वतः लिहिलं होतं. चंद्राची माती वरचे काही सेंटिमीटर भुसभुशीत असते आणि खाली झपाट्यानं घट्ट होत जाते. अब्जावधी वर्षं लहानमोठ्या आघातांनी ती हादरत आली आहे, धान्याचं पोतं हलवून हलवून बसवावं तशी. अपोलोच्या नमुन्यांवरून काढलेले आकडे आहेत: वरच्या पंधरा सेंटिमीटरमध्ये घनता सरासरी १.५० ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, तीस ते साठ सेंटिमीटरच्या पट्ट्यात १.७४. सापेक्ष घनतेच्या भाषेत, म्हणजे माती सैलात सैल असेल तेव्हा शून्य आणि घट्टात घट्ट असेल तेव्हा शंभर धरलं तर, वर ६५ टक्के आणि खाली ९२. निसर्गात, तेही अर्ध्या मीटरच्या आत, इतकी बसलेली कोरडी माती पृथ्वीवर सहसा सापडत नाही. माणसानं रोलर फिरवून केलेल्या भरावातच बघायला मिळते.

त्या रात्री वाचताना माझ्या मनात एकच साधा प्रश्न आला: आपला हौद तळाशी किती घट्ट आहे?

दुसऱ्या दिवशी पातळ भिंतीची नळी थेट तळापर्यंत मारली, काढली, कापून वजनं केली. वर जेवढी सैल, खालीही तेवढीच. हौदभर सगळी माती १.४० च्या आसपास. आम्ही घमेल्यांनी माती ओतत होतो, फळी मारून सपाट करत होतो, आणि घट्टपणा मोजायचा टोकदार शंकू दाबून बघत होतो फक्त वरच्या पाच सेंटिमीटरमध्ये. तिथं चंद्रावरही माती सैलच असते, म्हणून आकडा जुळायचा आणि मी रजिस्टरमध्ये सही करायची. सतरा वेळा केली होती.

मग दोन दिवस मी आणि वर्कशॉपमधले मामा तेवढंच करत होतो. हौद रिकामा केला. वीस किलोची बादली काट्यावर ठेवायची, अशा पंचवीस बादल्या म्हणजे साधारण एक थर, तो पाच सेंटिमीटरच्या खुणेपर्यंत बसेतो प्लेट व्हायब्रेटर फिरवायचा, कोपऱ्यात धुम्मस मारायचं, मग पुढचा थर. असे दहा थर. होती तेवढी सगळी माती घालून झाली तेव्हा हौद काठापासून चार बोटं खाली होता. मी काही वेळ त्या रिकाम्या चार बोटांकडे बघत राहिले. तीन आठवडे आम्ही तेवढी हवा उकरत होतो. कोठारातून सातशे किलोंच्या गोण्या आणखी आणाव्या लागल्या.

आमच्या प्रमुख मॅडमना मी हे आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "बरं केलंस. उद्या सकाळी एकदा चालवून बघू." मशीन इतकं उधळेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं, मलाही नाही. फार तर घास लहान होईल, असा माझा अंदाज होता.

मशीन सरळ करून बाजूला घेतल्यावर सगळे हौदाभोवती जमले. मॅडमनी शांतपणे विचारलं, "ही माती नेहमीची आहे का?"

"माती नेहमीची आहे मॅडम, दबाई नेहमीची नाही," मी म्हटलं, आणि नळीचे आकडे त्यांच्या हातात दिले.

मशीनवाला सहकारी कितीतरी वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "उद्यापुरती मागच्यासारखी करून देतेस का? समिती गेल्यावर आपण हे नीट बघू." त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. मला त्याची फार दया आली, आणि खरं सांगायचं तर हो म्हणावंसंही वाटलं. माती सैल करायला तास-दीड तास पुरला असता. कुणाला कळलंही नसतं, कारण तीन आठवडे आम्हालाच कळलं नव्हतं.

मी नाही म्हटलं. फार धीटपणे नाही; आवाज कापतच होता. मी म्हटलं, "चंद्रावर सैल करून द्यायला कुणी नाही रे."

मामा तेवढ्यात हौदात उतरले होते. मामांचं शिक्षण फिटरचं, पण त्याआधी बरीच वर्षं त्यांनी पोकलेन चालवलंय. त्यांनी एक सळई घेतली आणि हातानं मातीत दाबली. आधी सहज गेली, मग थांबली. तळहातानं ठोकून बघितली. मग बकेटनं जिथं चावा घेतला होता तिथं बसून त्या खड्ड्याची भिंत मला दाखवली.

मीही खाली बसले. इतका वेळ सगळे मशीनकडे बघत होते, त्या भिंतीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सहा-सात सेंटिमीटरची, सुरीनं कापल्यासारखी उभी. वरचा दोन बोटं भाग ढासळलेला, त्याच्या खाली दाताची एक एक रेघ स्वच्छ उमटलेली. कोरडी माती, पाण्याचा अंश नाही, तरी उभी राहिलेली. कण एकमेकांत अडकून बसलेले. चंद्रावरच्या फोटोंत अगदी असंच दिसतं. १९६७ मध्ये सर्व्हेयर ३ या नासाच्या मानवरहित यानाच्या लहानशा फावड्यानं चंद्रावर पहिल्यांदा चर खणले होते.

"ही दाबलेल्या भरावाची माती आहे," मामा म्हणाले. "आता ऐका. पोकलेन वीस टनांचं असतं. बकेट दाबलं की माती त्याला वर ढकलते. ढकलतेच. पण वीस टन उचलायची तिची ताकद नाही, म्हणून ती फुटते. जेसीबीवाला उकरायच्या आधी पाय का टेकवतो? त्यासाठीच. तुमचं हे मशीन दहा किलोचं. मातीला फुटण्यापेक्षा ते उचलणं सोपं पडलं, तिनं उचललं."

मला वाटतं त्या दिवशीचं सगळ्यात नेमकं वाक्य तेच होतं. आम्ही सगळ्यांनी न्यूटनचा तिसरा नियम शिकलेला. ६० किलोच्या मशीनचं वजन इथं सुमारे ५८८ न्यूटन, चंद्रावर ९७, हा हिशोब भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलेला होता. मातीच्या कणांमधलं घर्षण गुरुत्वाबरोबर कमी होतं पण त्यांचा एकमेकांना धरून ठेवण्याचा चिवटपणा कमी होत नाही, हेही आम्हाला पाठ होतं. तरी सैल मातीनं तीन आठवडे आमचे इतके लाड केले की त्या आकड्यांचा अर्थ अंगात भिनलाच नाही. उकरणाऱ्याला आधी उभं राहायला आधार हवा. पृथ्वीवर तो आपलं वजन फुकट देतं, त्यामुळे आपण त्याची मोजदादच करत नाही.

मॅडमनी मग मंगळाची आठवण काढली. तिथं हेच दुखणं दुसऱ्या बाजूनं आलं होतं. इनसाइट यानाबरोबर एक स्वतःला ठोकत खाली जाणारा खिळा होता, सुमारे चाळीस सेंटिमीटर लांबीचा. जर्मन अंतराळ संस्थेनं केलेला. त्याला पाच मीटरपर्यंत जायचं होतं. २०१९ च्या फेब्रुवारीअखेर ठोकायला सुरुवात झाली, पण प्रत्येक ठोक्यानंतर मागं उसळू नये म्हणून बाजूच्या मातीनं त्याला धरायला हवं होतं आणि ती माती त्याला धरेचना. यानाच्या हातानं दाबून बघितलं, वरून माती लोटून बघितली. जवळपास दोन वर्षं खटपट करून जानेवारी २०२१ मध्ये तो नाद सोडावा लागला. खिळा जेमतेम जमिनीखाली गेला होता. "ठोक्यात जोर कमी नव्हता," मॅडम म्हणाल्या, "टेकायला काही नव्हतं."

दुपारी कुणी जेवायला वेळेवर गेलं नाही. मशीनवाला सहकारी फळ्यासमोर उभा होता आणि आता त्याचा चेहरा वेगळा दिसत होता. केनेडी स्पेस सेंटरमध्ये नासानं रॅसर नावाचं उकरणारं यंत्र केलंय, त्याची आकृती त्यानं काढली. पुढं एक ड्रम, मागं एक ड्रम, दोन्हींवर लहान लहान बकेटी, आणि दोन्ही उलट दिशांना फिरतात. एक ड्रम मशीनला पुढं ओढतो तेव्हा दुसरा तेवढाच मागं ओढतो, आणि दोन्ही ओढी एकमेकींना खाऊन टाकतात. मशीन हलकं असलं तरी जागेवर राहतं. "मला हे माहीत होतं," तो म्हणाला. "आपल्याला लागणार नाही असं वाटलं, इतकंच."

ड्रम त्या दिवशी करता येणार नव्हते. हातात होतं ते एकच बकेट. मग मामा म्हणाले, "उकरू नका, खरवडा." बकेटचा कोन जवळजवळ आडवा केला आणि एक सेंटिमीटरचा काप लावून बघितला. पुढची चाकं उचलल्यासारखी झाली, घसरली. अर्धा सेंटिमीटर लावला. मशीन हळूहळू पुढं सरकलं. बकेटच्या ओठावर मातीची पातळ पापुद्र्यासारखी पट्टी चढत गेली आणि आत वळली. मीटरभर अंतर, तीस सेंटिमीटर रुंदी, अर्धा सेंटिमीटर जाडी: जवळपास अडीच किलो. आदल्या आठवड्यातल्या बारा किलोंच्या घासापुढं काहीच नाही, पण खोलीतल्या सगळ्यांचा श्वास एकदम मोकळा झाला. मामांनी बकेटच्या पाठीला एक लहान व्हायब्रेटर मोटर आवळली. हादऱ्यानं कण सुटे होतात आणि कापायला जोर कमी लागतो, हे जुनं ज्ञान. त्यावर पाऊण सेंटिमीटरचा कापही निघाला, फक्त भार मोजायच्या सेन्सरचे आकडे इतके थरथरले की आलेख वाचता येईना. त्या दिवशीपुरती मोटर काढून ठेवली.

मग ओतायची वेळ आली आणि दुसरा धक्का बसला. बकेट पूर्ण उलटं केलं, तरी आतल्या दोन्ही कोपऱ्यांत मातीची पाचर तशीच चिकटून राहिली. पावशेर असेल. सगळे बघत असताना तिला एक चीर गेली, काही क्षण ती लोंबकळली आणि मग धपकन पडली. इथं ती पडली, कारण इथं तिचं वजन सहापट आहे. चंद्रावर ती पडली नसती. मंगळावर फिनिक्स यानाला २००८ मध्ये हा अनुभव आला होता: फावड्यातून उपकरणाच्या जाळीवर माती टाकली, ती जाळीवरच ढेकळासारखी बसून राहिली आणि आत जाईना. पुन्हा पुन्हा जाळी हलवावी लागली, तेव्हा कुठं काही दिवसांनी भांडं भरलं. मी वहीत लिहिलं: "बकेटचे आतले कोपरे गोल करणे." मामांनी ते वाचून मान हलवली.

संध्याकाळपर्यंत तसंच खरवडणं चाललं. एक फेरी, ओतणं, परत येणं, साधारण तीन मिनिटं. तासाला पन्नास किलोच्या आत-बाहेर. मला ते बघत बसावंसं वाटत होतं. मोठ्या घासांच्या चाचण्या बघताना आनंद व्हायचा, पण ही संथ खरवड बघताना पहिल्यांदा वाटलं की हे खरोखर तिथं चालू शकेल.

घरी जायच्या आधी मी रजिस्टर उघडलं. सतरा नोंदी, सगळ्या माझ्या अक्षरात. प्रत्येकीवर लाल रेघ मारली, बाजूला "खालचा थर सैल, निष्कर्ष ग्राह्य नाही" असं लिहिलं, तारीख घातली, सही केली. सहाव्या-सातव्या नोंदीपाशी हात जड झाला. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, मला आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी समितीला मॅडमनी आधी चाकं उठल्याचं चित्रीकरण दाखवलं आणि मग खरवडणं प्रत्यक्ष दाखवलं. मी माझी चूक माझ्या तोंडानं सांगितली. प्रश्न बरेच आले. त्यातला एक माझ्या अजून डोक्यात आहे. एका वयस्कर सदस्यांनी विचारलं, "यान उतरायला एक चौथरा करायचा म्हटला तर या वेगानं किती दिवस?"

चौथऱ्याचा प्रश्न वरवरचा नव्हता. चंद्रावर हवा नाही. इंजिनाच्या झोतानं उडालेल्या कणांना कुणी अडवत नाही, ते दूरवर गोळीसारखे जातात. १९६९ मध्ये अपोलो १२ उतरलं ते सर्व्हेयर ३ पासून सुमारे १६० मीटरवर, आणि सर्व्हेयरचे परत आणलेले भाग तपासले तेव्हा वाळूच्या झोतानं घासल्यासारखे निघाले. शेजारी वस्ती असेल तर उतरायची जागा सपाट आणि पक्की हवी, भोवती मातीचा बांध हवा. वस्तीवरही किरणांपासून आणि उल्कांपासून बचावाला मीटर-दोन मीटर माती हवी. ती माती उत्तम पांघरूणही आहे: चंद्रयान-३ च्या विक्रमवरच्या चॅस्टे या शलाकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये दहा सेंटिमीटरपर्यंत शिरून तापमान मोजलं, तेव्हा पृष्ठभाग आणि आठ सेंटिमीटर खाली यांत साधारण साठ अंशांचा फरक दिसला. बांधकामाचं सामान तिथं पायाखालीच पडलंय. ते फक्त हलवायचं आहे.

सहकाऱ्यानं फळ्यावर हिशोब मांडला. दहा मीटर बाय दहा मीटर, वीस सेंटिमीटर माती. वीस घनमीटर, बत्तीसएक टन. तासाला पन्नास किलो. सहाशे चाळीस तास, म्हणजे न थांबता जवळपास सत्तावीस दिवस. तिथला उजेडाचा काळ पृथ्वीच्या चौदा दिवसांचा. दोन उजेड आणि मधली एक चौदा दिवसांची गोठवणारी रात्र. त्यानं तो आकडा गोल केला नाही, लपवला नाही, खाली दोन रेघा मारून ठेवला. नासाच्या आयपेक्स या लहान उकरणाऱ्या यंत्राचं उद्दिष्ट एका चांद्रदिवसात दहा हजार किलो माती हलवण्याचं आहे, हे मॅडमनी शेजारी लिहिलं. आमचा आकडा त्याच्यापेक्षा मोठा दिसत होता, पण आमचं मशीन सपाट हौदात, दगड नसलेल्या मातीत, जवळच ओतत होतं, आणि हेही सहकाऱ्यानंच सांगितलं.

समिती गेल्यावर हौद पुन्हा उकरायला घेतला. एकदा चाललेली माती पुढच्या चाचणीला चालत नाही. चाकांखाली दबते, कापल्या जागी सैल होते. पहिला थर टाकून बसवला आणि या वेळी मी लगेच नळी मारली. सापेक्ष घनता ८७ टक्के आली. तळाला ९० च्या वर हवी होती. मामांनी काही न बोलता व्हायब्रेटर पुन्हा चालू केला.